बिनमायन्याची दोन उत्तरं

"न्हाई मावशी, अजून उत्तर आलेलं न्हाई," लिंबाजीनं तीन दिवसांत सातव्यांदा सांगितलं, आणि चूक आपलीच असल्यागत त्या दोघी बायांनी सातव्यांदा मान हलवली.

परभणीच्या कलेक्टर कचेरीमागं, कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर एक लाकडी बाक होता. बुधवारी सकाळपासून दोघी त्या बाकावर होत्या. एक धुरपताबाई, पालमजवळच्या वाडीतली, उंच, रुंद हाडाची, नवरा जाऊन दहा वर्षं झालेली. दुसरी बायनाबाई, पोखर्णीची, ठेंगणी, बोलण्याआधी पदराचं टोक दातात धरणारी. बुधवारच्या आधी दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलेलं नव्हतं. आता एकीच्या भाकरीवर दुसरीची चटणी यायला लागली होती.

सोमवारी रात्री साखरपट्ट्यातल्या एका जिल्ह्यात उसानं भरलेला ट्रक उलटला. एका फडावरून दुसऱ्या फडावर जायला म्हणून दोन पोरं त्या उसावर बसली होती. एक धुरपताबाईचा पंडित, दुसरा बायनाबाईचा दगडू. दोघं वेगळ्या टोळ्यांतले, दोघं विशीतले, दोघांचीही लग्नं व्हायची होती. मुकादमानं गावाकडं धाडलेला निरोप एवढाच होता की पोरगं ट्रकवर होतं, दवाखान्यात नेलंय, पुढचं काही माहीत नाही. ते पुढचं विचारायला दोघी आल्या होत्या.

विचारायला मार्ग नव्हता असं नाही, पण सगळे मार्ग एकदम आजारी पडले होते. तिकडच्या दवाखान्याचा फोन आठवडाभर मुका होता. पोलिसांच्या बिनतारी संचाला तर त्र्याण्णव सालच्या त्या डिसेंबरात श्वास घ्यायला सवड नव्हती. विद्यापीठाच्या नामांतराचा निकाल आज लागतो की उद्या, अशी हवा होती आणि जिल्ह्याजिल्ह्यात बंदोबस्ताचेच निरोप फिरत होते. तेव्हा कॉम्प्युटर केंद्राचे मुख्य दिनकरराव म्हणाले, "आपल्या यंत्रावर विचारून बघू. तिकडंही आपल्यासारखंच केंद्र आहे. तिथला माणूस दवाखान्यात जाऊन येईल आणि उत्तर टाकेल." माणूस मोठा मायाळू. बुधवारी दुपारी दोन प्रश्न गच्चीवरच्या डिश अँटेनाच्या छत्रीतून आभाळाकडं रवाना झाले. आधी धुरपताबाईचा, मग बायनाबाईचा.

आज शुक्रवार होता आणि यंत्राच्या पडद्यावर एकच ओळ होती: उत्तर नाही.

या खोलीचा थाट काही वेगळाच होता. आत गारव्याचं यंत्र, खाली गालिचा, दारावर "पादत्राणे बाहेर काढावीत" अशी पाटी. तहसीलदारही इथं अनवाणी यायचे, आणि अनवाणी माणूस आवाज चढवत नाही, म्हणून लिंबाजीला ती पाटी फार आवडायची. लिंबाजी झरीचा. औरंगाबादला शिकून आलेला, वय सत्तावीस, आणि अख्ख्या जिल्ह्यात स्वतःच्या हातानं प्रोग्राम लिहिणारा बहुधा तो एकटाच. त्यानं दोन वर्षांपूर्वी एक प्रोग्राम लिहिला होता. तो स्वतः कुणाचं काम करायचा नाही, तर बाकीच्या प्रोग्रामांची ये-जा सांभाळायचा. कुणाला मुंबईकडून पावसाचे आकडे हवेत, कुणाला दुसऱ्या जिल्ह्याकडून रेशनची यादी हवी. त्यांनी प्रश्न याच्याकडं द्यायचा, यानं तो छत्रीवर पोचवायचा, आलेलं उत्तर घेऊन ज्याचं त्याला द्यायचं. इंग्रजीत अशाला लायब्ररी म्हणतात. लिंबाजीनं त्याचं नाव ठेवलं होतं डाकवाला.

हे नाव बापाकडून आलं होतं. त्याचे वडील सटवाजी झरीला तीस वर्षं डाकवाले होते.

येणाऱ्या प्रत्येक उत्तराच्या डोक्यावर चार ओळी असायच्या. कुठून आलं, कोणत्या प्रश्नाचं उत्तर, केव्हा निघालं, आणि खाली एकूण किती ओळी आहेत. त्यानंतर मजकूर. इंग्रजी पुस्तकात या चार ओळींना हेडर म्हटलेलं होतं. लिंबाजी त्यांना मायना म्हणायचा, कारण पत्राला जसा मायना तशा या ओळी. आणि तो अभिमानानं सांगायचा की दोन वर्षांत डाकवाल्यानं एकही चुकीचं उत्तर आत येऊ दिलेलं नाही. जी उत्तरं आत आली नाहीत त्यांचं काय झालं, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. त्यानंही स्वतःला विचारलं नव्हतं. हुशार माणसाची ही एक खोड असते.

"साहेब, रागावू नका, एक इचारू का?" धुरपताबाई बाकावरून म्हणाली.

"इचारा की."

"उत्तर आलंच न्हाई, का कुणी दारातून परत लावलं? आमच्या वाडीला डाकवाला येतो. दार लावलेलं दिसलं की कागद तसाच माघारी नेतो. आमी रानात असतो, त्याला वाटतं घरात कुणी न्हाई."

लिंबाजी हसला. "आमचा डाकवाला तसा न्हाई, मावशी."

हसला खरा, पण आत गेल्यावर खुर्चीत बसवेना. छत्रीच्या खाली एक वेगळी पेटी होती. कुठं किती गेलं, कुठून किती आलं एवढंच ती मोजायची. तो आकडा बघायची गरज कधी पडत नसे. लिंबाजीनं वाकून बघितला. त्या जिल्ह्याकडं गेलेले प्रश्न दोन. तिकडून आलेली उत्तरं दोन.

पेटी म्हणत होती दोन आली. त्याचा प्रोग्राम म्हणत होता एकही नाही. दोघांतलं कुणीतरी खोटं बोलत होतं, आणि पेटीला खोटं बोलण्याएवढी अक्कल नव्हती.

मग त्याला आठवलं. नाकारलेल्या गोष्टी टाकायला त्यानं एक जागा ठेवली होती. तिचं नाव कचरा. दर शनिवारी ती आपोआप साफ व्हायची. त्यानं ती उघडली, आणि आत दोन्ही उत्तरं पडलेली होती. एक बुधवारी संध्याकाळचं, एक गुरुवारी सकाळचं. दोन्हींना मायना नव्हता. तिकडच्या केंद्रावर जुना प्रोग्राम असावा. तो मजकूर पाठवायचा आणि डोक्यावरच्या चार ओळी लावायचाच नाही. इकडं लिंबाजीच्या डाकवाल्यानं मायना शोधला, सापडला नाही, आणि दार लावून घेतलं.

त्यानं प्रिंटर सुरू केला. दोन कागद निघाले.

पहिला: रुग्ण जिवंत आहे. शुद्धीवर आहे. पायास मोठी इजा, शस्त्रक्रिया तातडीची, नातेवाइकाची संमती लागेल. आईस बोलवा म्हणतो.

दुसरा: मंगळवारी पहाटे उपचार चालू असताना मयत. नातेवाइकांनी शनिवारी दुपारपर्यंत ताबा घ्यावा, अन्यथा बेवारस समजून पुढील कार्यवाही होईल.

नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. नाव कशाला लिहितील? कोणत्या प्रश्नाचं उत्तर ते सांगणं मायन्याचं काम. मायना असता तर एक ओळ बघून कळलं असतं की कुणाचं पोर जिवंत आहे. लिंबाजीनं दोन्ही कागद पालथे घालून बघितले. पाठीमागं काय असणार होतं?

त्याला स्वतःची दोन वर्षांपूर्वीची ती ओळ शोधायला वेळ लागला नाही. मायना नसेल तर आत घेऊ नकोस. असं कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. हे त्याच्या मनानं लिहिलेलं होतं, आणि मनात ते झरीच्या पारावरून आलेलं होतं.

वाईट बातमीचं पत्र लिहिताना आपल्याकडं वर श्री घालत नाहीत. सटवाजी डाकवाले प्रत्येक कार्डाचं डोकं आधी बघायचे. श्री असली की कार्ड उंबऱ्यात. नसली की घरधन्याला हाक मारून पाराकडं न्यायचं, तिथं वाचायचं आणि तिथंच फाडायचं. तसलं पत्र घरात न्यायचं नसतं. लहानपणी लिंबाजी बापाच्या मागं फिरायचा तेव्हा हा शिरस्ता त्याच्या हाडात उतरला होता. एकदा तर गंमतच झाली होती. गावातल्या एका घरचा मुलगा लष्करात. त्याचं कार्ड पिशवीत असताना एका शेळीनं पिशवीत तोंड घातलं आणि कार्डाचं डोकं खाल्लं. सटवाजींना श्री दिसली नाही. त्यांनी म्हाताऱ्याला पाराकडं बोलावलं. डाकवाल्यानं बाहेर बोलावलं म्हणजे काय, हे घरातल्या बायांना सांगावं लागत नव्हतं. त्यांनी चूल विझवली, हंबरडा फोडला, शेजारीपाजारी जमले. पारावर सटवाजींनी वाचायला सुरुवात केली तर आत लिहिलेलं होतं, महिन्याची रजा मिळाली, रविवारी पोचतो, पुरणाचं करून ठेवा. पुढं कितीतरी वर्षं झरीला कुणी उगाच रडलं की लोक म्हणायचे, आधी शेळी कुठंय बघा.

ही गोष्ट लिंबाजीनं कॉलेजात शंभरदा सांगितली होती, हसून हसून. आणि तोच लिंबाजी प्रोग्राम लिहायला बसला तेव्हा त्यानं बापाचीच चूक, बापापेक्षा चोख करून, यंत्रात बसवली होती. बापानं निदान पारावर नेऊन वाचलं तरी होतं. यानं न वाचताच फेकलं होतं.

तो दिनकररावांकडं गेला. सगळं सांगितलं. दिनकररावांनी चष्मा काढला, कागद वाचले, चष्मा पुन्हा घातला.

"तिकडं विचार, कुठलं कुणाचं."

"इचारलं, सर. ते केंद्र आज दुपारी दोनलाच बंद झालंय. आता उद्या दहाला उघडंल."

"आणि गाडी?"

"तिकडं जाणारी शेवटची एसटी चारला हाय. ती चुकली तर उद्या दुपारपर्यंत कुणीच पोचत न्हाई." घड्याळात सव्वातीन झाले होते. एकीला पोराच्या पायासाठी पोचायचं होतं, एकीला पोराला बेवारस होऊ न देण्यासाठी.

दिनकररावांनी दोन्ही कागद टेबलावर शेजारी-शेजारी ठेवले. मग म्हणाले, "प्रश्न आधी कुणाचा गेला?"

"धुरपताबाईचा."

"आणि उत्तर आधी कुठलं आलं?"

"जिवंत असल्याचं."

"मग झालं की. पहिल्या प्रश्नाला पहिलं उत्तर. पंडित जिवंत आहे. तू वरच्या ओळी घालून घे आणि नीट कागद काढ."

लिंबाजीला क्षणभर ते पटलं. पटावं असंच होतं. मग त्यानं मान हलवली. "तिकडचा माणूस सायकल घेऊन दवाखान्यात गेला असंल, सर. जो पलंग आधी दिसला त्याचं आधी लिवलं असंल. आपल्याला काय माहीत?"

"अरे, पण एकीचा तरी जीव आज भांड्यात पडेल."

"आन चुकलं तर?"

दिनकररावांना राग आला नाही. ते म्हणाले, "बरं, मग असं कर. दोघींना सांग, दोघंही सिरीयस आहेत, लगेच निघा. आपल्याकडं असंच सांगतात. तिथं गेल्यावर कळेल ते कळेल."

हेही खोटं नव्हतं अगदी. मयताची बातमी कुणी तोंडावर टाकत नाही. जरा जास्त आहे म्हणायचं आणि माणसाला गाडीत बसवायचं, ही रीतच आहे, आणि ती दयेपोटीच पडली आहे. लिंबाजी दाराच्या काचेतून बाहेर बघत राहिला. खरं सांगितलं तर त्या दोघी रात्रभर गाडीत कशा बसतील, एकमेकींकडं कशा बघतील, हे त्याला दिसत होतं. एकीनं दुसरीच्या पोराचं मरण मागावं, अशीच ती रात्र होणार होती. ते टाळणं त्याच्या हातात होतं. पण तीन दिवस त्यानं हे कागद परस्पर फेकले होते. आता त्यांच्यावर स्वतःच्या शाईनं मायना घालणं म्हणजे दुसऱ्यांदा फेकणंच होतं. तो मायना "पंडित" असो नाहीतर "दोघंही सिरीयस", घालणारा हात लिंबाजीचाच. कागद त्याचे नव्हते. कागद त्या बाकावर बसलेल्या बायांचे होते, फाटके असले तरी.

बाहेर धुरपताबाई भाकरीचे दोन तुकडे करत होती.

तो अनवाणीच बाहेर आला आणि बाकासमोर फरशीवर बसला. साहेब खाली बसलेला बघून बायनाबाईनं पदर दातात धरला.

"मावशी, उत्तरं आलीत," तो म्हणाला. "दोन्ही आलीत. एक बुधवारीच आलतं, एक काल. मी लिवलेल्या प्रोग्रामानं ती दारातून परत लावली. चूक मपली हाय, दुसऱ्या कुणाची न्हाई."

धुरपताबाईनं हातातली भाकरी खाली ठेवली.

"एका कागदात लिवलंय, पोरगं जितं हाय. पायाला लय लागलंय. आईला बोलवा म्हणायलाय." त्यानं दुसरा कागद हातात घेतला. तो त्याला जड झाला. "दुसऱ्यात लिवलंय, पोरगं ऱ्हायलं न्हाई. मंगळवारी पहाटं गेलं. कोणता कागद कुणाचा, ते मला ठाऊक न्हाई. नावाच्या ओळी आल्याच न्हाईत. अंदाजानं सांगता आलं असतं. मी सांगणार न्हाई."

कचेरीच्या पुढच्या अंगाला कुणीतरी मोटारसायकल सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती.

"असं कसं साहेब," बायनाबाई म्हणाली, "यंत्राला माहीत असंल की."

"यंत्रालाबी न्हाई, मावशी."

"माझी आदीची दोन जगली न्हाईत. म्हून ह्याचं दगडू ठिवलं. दगडाला काय होत न्हाई म्हणतेत." तिनं हात पुढं करून पहिल्या कागदावर पालथा ठेवला. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण कोणता कागद कोणता, हे तिनं नीट ध्यानात ठेवलं होतं. "ह्यो माझा म्हणा. खरं असू द्या न्हाईतर नसू द्या. गाडी पोचंपर्यंत नुसतं म्हणा."

लिंबाजीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यानं ते लपवलं नाही. त्याच्या तोंडाशी शब्द आले होते. दोनच शब्द, दगडू हाय. ते म्हणायला काहीच लागत नव्हतं. त्यानं धुरपताबाईकडं बघितलं आणि ते गिळले.

धुरपताबाईनं बायनाचा हात कागदावरून हळूच उचलला. दोन्ही कागद घेतले, एकात एक घातले, घडी केली आणि भाकरीच्या फडक्यात बांधले. आता कोणता कागद कोणता, हे फडक्याबाहेरून कुणालाच सांगता आलं नसतं.

"ऊठ बायना," ती म्हणाली. "जो हाय त्याच्या उशाशी दोघी बसू. जो गेला त्याच्याबी उशाशी दोघी बसू. चल, गाडी सुटंल."

लिंबाजी रिक्षात पुढं बसून त्यांना स्टँडवर घेऊन गेला. खिडकीजवळची जागा धरून दिली. पोस्टाच्या खिडकीतून दोन कार्डं घेऊन त्यांवर केंद्राचा पत्ता लिहिला आणि म्हणाला, "पोचल्यावर कुणाकडून तरी दोन ओळी लिवून घ्या." गाडी हलली तेव्हा बायनाबाईचं डोकं धुरपताबाईच्या खांद्यावर होतं. धुरपताबाई समोर बघत होती. तिचा चेहरा ओला होता, पण आवाज नव्हता.

परत येऊन त्यानं चप्पल काढली आणि प्रोग्राममधली ती ओळ खोडली. तिच्या जागी काय लिहायचं याचा त्यानं सहा वाजेपर्यंत विचार केला. मायना नसला तरी उत्तर आत घ्यायचं. ताबडतोब माणसाला दाखवायचं. आणि मायन्याची जागा कोरी ठेवायची. मागच्या उत्तराचं नाव तिथं ओढायचं नाही, क्रमावरून ताडायचं नाही, सोयीचं काही भरायचं नाही. फक्त लिहायचं: मायना नाही. आणि त्यानं त्या शनिवारच्या साफसफाईचीही ओळ काढून टाकली.

दिनकरराव घरी निघताना पडद्यात डोकावले. "कोरी जागा बरी दिसत नाही रे. काहीतरी टाक."

"कोरी ती कोरीच ऱ्हाऊ द्या, सर," लिंबाजी म्हणाला.

शनिवारी सव्वादहाला तिकडून उत्तर आलं. नव्या डाकवाल्यानं ते आत घेतलं, वर लिहिलं, मायना नाही. खाली एकच वाक्य होतं: याबाबत यापूर्वीच कळविण्यात आलेले आहे. लिंबाजी ते वाचून मोठ्यानं हसला आणि मग त्याला स्वतःचीच लाज वाटली.

दिवस गेले. रोज टपाल यायचं आणि रोज तो आधी त्यात हात घालायचा. अकराव्या दिवशी कार्ड आलं. कुण्या नर्सनं लिहिलेलं असावं. अक्षर बारीक, नेटकं, आणि सांगणारीचे शब्द ऐकले तसे उतरवलेले.

"पोचलो. पंडित गेला. बायनाचा दगडू हाय. पंडितची हितंच माती केली. त्याच्या तोंडात पाणी बायनानं घातलं, माझा हात चालंना. दगडूच्या ऑपरेशनच्या कागदावर दोघींचे अंगठे हायेत. सिस्टर म्हणल्या आईचा एकच लागतो. आमी म्हणलं दोघींचे घ्या. त्याचा पाय गुडघ्याखाली काढला. दोन दिस आदी आलो असतो तर पाय ऱ्हायला असता का, मी डॉक्टरला इचारलं. ते म्हणले, सांगता येत न्हाई. तुमाला बोल लावायला लिवत न्हाई. तुमी खरं सांगितलं म्हून हेबी खरं लिवायलेय. गाडीत मी रातभर रडून घेतलं, म्हून तिथं उभी ऱ्हायले. पोरगं हाय म्हणून धाडलं असतं तर मी हसत गेले असते. दगडू मला थोरली माय म्हणतो. तो काठीवर चालला की गावाकडं येऊ."

कार्डावर श्री नव्हती. तारीख नव्हती, गावाचं नाव नव्हतं. सटवाजींनी असं कार्ड पारावर वाचून फाडलं असतं. लिंबाजी ते हातात घेऊन दाराशी उभा राहिला. यात एक गेलेला होता आणि एक असलेला, आणि कुठून फाडलं म्हणजे गेलेला तेवढा वेगळा होईल, हे त्याला कळेना. मग तो कार्ड घेऊन आत गेला.

त्यानं आवक रजिस्टर उघडलं. दिनांक: नाही. ठिकाण: नाही. पाठवणार: धुरपताबाई व बायनाबाई. विषय या रकान्याशी तो थांबला.

"सांगता येत न्हाई" ही ओळ त्यानं पुन्हा वाचली. आपल्यामुळं पाय गेला, असं म्हणून घेणं सोपं होतं. नाहीतरी गेलाच असता, असं म्हणणं त्याहून सोपं. पाय राहिला असता का, या उत्तराची जागा डॉक्टरांनी कोरी ठेवली होती; त्यानंही विषयाचा रकाना कोराच ठेवला. दगडू पुढं परभणीला येऊन केंद्राच्या बाकावर बसायचा, चहा प्यायचा, काठी भिंतीला टेकवून पंडितच्या गोष्टी सांगायचा, तेव्हाही लिंबाजीनं ती कधी भरली नाही. त्या काठीकडं तो दर वेळी बघायचा.